शेवट, फळ आणि कर्ता

कथेचा शेवट हा कथेतल्या माणसांविषयी दिलेला निवाडा असतो, असे बहुतेक वाचक आणि प्रेक्षक नकळत धरून चालतात. जो जगला, जिंकला किंवा ज्याला दुरावलेले माणूस परत मिळाले त्याचे वागणे योग्य होते, आणि जो एकाकी मेला त्याचे कुठेतरी चुकले असले पाहिजे, असा या समजुतीचा अर्थ. या समजुतीला अलीकडच्या काळात एका अनपेक्षित दिशेने धक्का बसला आहे. अतिमानवी सामर्थ्य असलेल्या नायकांचे, म्हणजे ज्यांना सर्रास सुपरहिरो म्हटले जाते त्यांचे जे चित्रपट अमेरिकेत तयार होतात आणि हिंदी आवाज चढवून नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातही मोबाइलवर पाहिले जातात, त्यांतल्या अनेकांना एकाहून अधिक शेवट असतात. एक शेवट पडद्यावर येतो, दुसरा चित्रित होऊनही संकलनात गळतो, तिसरा पटकथेच्या पुढे सरकत नाही, आणि कालांतराने हे गळलेले शेवटही लोकांना पाहायला किंवा निदान ऐकायला मिळतात. मग एकाच नायकाच्या आयुष्याला दोन शेवट असतील तर त्यांतला खरा कोणता, आणि त्याची योग्यता कोणत्या शेवटावरून ठरवायची, असा प्रश्न उभा राहतो. वरवर मनोरंजनाचा वाटणारा हा प्रश्न मुळात कर्म आणि फळ यांच्या नात्याचा आहे, आणि भारतीय परंपरेने, त्यातही दख्खनच्या भूमीत रचल्या गेलेल्या काव्यनाट्यांनी, त्याचा फार पूर्वीपासून गंभीरपणे विचार केला आहे.

या विचाराचा गाभा एका भेदात आहे. कथेचा शेवट दोन रीतींनी बदलता येतो. एका रीतीत नायकाने जे केले ते तसेच राहते आणि त्या कृतीतून त्याला काय मिळाले एवढेच बदलते. दुसऱ्या रीतीत त्याने केलेली कृतीच बदलते आणि कृती बदलल्यामुळे तो माणूसही वेगळा होतो. पहिल्या रीतीत फळ बदलते, दुसरीत कर्ता बदलतो. फळ बदलणारे दोन शेवट एकाच नायकाविषयी असू शकतात, परंतु कर्ता बदलणारे दोन शेवट ही वस्तुतः दोन निराळ्या माणसांची चरित्रे असतात. हा भेद लक्षात घेतला म्हणजे खरा शेवट कोणता या प्रश्नाची धार बदलते, कारण मग शेवटाविषयी विचारण्याआधी त्या शेवटात कर्ता तोच राहिला आहे का, हे विचारावे लागते.

2019 साली आलेल्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' या चित्रपटाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या अखेरीस टोनी स्टार्क हा नायक स्वतःचा मृत्यू ओढवेल हे ओळखून विश्वाचा संहार टाळतो. प्रथम चित्रीकरण झाले तेव्हा या निर्णायक क्षणी तो काहीच बोलत नव्हता. संकलक जेफ फोर्ड यांच्या सूचनेवरून त्याच्या तोंडी स्वतःची ओळख सांगणारे छोटे वाक्य घातले गेले आणि तेवढ्यासाठी प्रसंग पुन्हा चित्रित झाला. त्याच चित्रपटासाठी, मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या टोनीला त्याची मोठी झालेली मुलगी भेटते, असाही एक प्रसंग चित्रित करून नंतर वगळण्यात आला. बोलका टोनी, मुका टोनी आणि मुलीकडून सांत्वन मिळालेला टोनी या तिघांत प्रेक्षकाला मिळणारा अनुभव वेगळा असला तरी तिघांनी केलेली कृती एकच आहे, म्हणून हे तिन्ही शेवट एकाच माणसाचे आहेत आणि त्यांतला कोणताही गळाला तरी त्या माणसाच्या योग्यतेत उणेपणा येत नाही.

याउलट 1978 सालच्या 'सुपरमॅन' या चित्रपटात, भूकंपात सापडून मेलेल्या नायिकेसाठी नायक पृथ्वीभोवती उलटा वेग घेऊन काळच मागे फिरवतो. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांच्या मूळ योजनेत काळ मागे फिरवण्याचा हा प्रसंग दुसऱ्या भागाच्या अखेरीस यायचा होता. तो उचलून पहिल्या भागाला जोडण्यात आला, आणि दुसरा भाग मूळ योजनेच्या जवळ जाणाऱ्या रूपात 2006 साली प्रसिद्ध झाला. मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नये, ही पित्याची आज्ञा नायक इथे मोडतो. आज्ञा पाळून दुःख सोसणारा सुपरमॅन आणि आज्ञा मोडून मृत्यू पुसून टाकणारा सुपरमॅन हे दोन वेगळे कर्ते आहेत. हाच भेद 1975 सालच्या 'शोले'त अधिक ठळक दिसतो. रमेश सिप्पी यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात हात तोडले गेलेला ठाकूर खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या त्या काळात एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतल्याचे दाखवण्याला परीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो असा शेवट करावा लागला. सूड पुरा करणारा ठाकूर आणि सूड आवरणारा ठाकूर यांच्यात कृतीचेच अंतर असल्यामुळे, मूळ शेवटासह 'शोले' पाहणारा प्रेक्षक दुसऱ्याच माणसाची कथा पाहत असतो.

कृती आणि फळ यांच्यातली ही सांधेजोड तपासण्यासाठी भारतीय दर्शनांनी दोन दोषांची नावे निश्चित केली आहेत. केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते वाया जाणे याला कृतनाश किंवा कृतहान म्हणतात, आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे याला अकृताभ्यागम म्हणतात. ज्या सिद्धान्तातून हे दोन दोष उद्भवतात तो सिद्धान्त टिकत नाही, असा युक्तिवाद न्यायदर्शनाच्या भाष्यकारांनी केला आणि जैन आचार्यांनी तोच बौद्धांच्या क्षणिकवादाविरुद्ध वापरला. क्षणिकवाद म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते हे मत, आणि ते मानले तर कर्म करणारा एक व फळ भोगणारा दुसराच ठरतो, असा त्यांचा आक्षेप होता. हे दोन दोष कथांच्या शेवटांनाही लावून पाहता येतात. काळ मागे फिरवून नायिकेचा मृत्यू पुसला की घडून गेलेल्याचा परिणाम नाहीसा होतो, हा कृतनाश. आणि एका कथेसाठी योजलेले फळ उचलून दुसऱ्या कथेला जोडले की तिथल्या नायकाला न कमावलेले काही मिळते, हा अकृताभ्यागम. प्रेक्षकाला एखादा शेवट खोटा वाटतो तेव्हा त्याला हे शब्द ठाऊक नसले तरी यांपैकीच एखादा दोष जाणवलेला असतो. 'थॉर : द डार्क वर्ल्ड' (2013) या चित्रपटात लोकी हे पात्र खरोखर मरणार होते, पण चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांचा त्या मृत्यूवर विश्वासच बसला नाही आणि तो जिवंत असल्याचे दाखवावे लागले. आयुष्यभर फसवत आलेल्याचे मरणही फसवेच असणार, या त्यांच्या अपेक्षेत कर्त्याच्या स्वभावाशी इमान राखणारा न्याय होता.

मुखेडच्या परिसरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांचे प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात अशा या टापूत आणि त्याच्या आसपास रामकथा व भारतकथा यांचे निरनिराळे शेवट शतकानुशतके सांगितले गेले आहेत. गावातले दशरथेश्वराचे प्राचीन मंदिर ज्या पित्याच्या नावाने ओळखले जाते, त्या दशरथाचेही दोन शेवट परंपरेने जपले आहेत. वाल्मीकींच्या कथेत तो पुत्रवियोगाने प्राण सोडतो. विमलसूरीच्या 'पउमचरिय' या महाराष्ट्री प्राकृतातल्या जैन रामकथेत मात्र दशरथाला आधीच वैराग्य आलेले असते आणि तो दीक्षा घेऊन मुनी होतो. भरतानेही पित्यापाठोपाठ संसार सोडू नये म्हणून कैकेयी त्याच्यासाठी राज्य मागते. एका शेवटात कामनेने आणि दिलेल्या वचनाने बांधलेला पिता त्या बंधनातच संपतो, दुसऱ्यात तो बंधन स्वतः सोडतो. विमलसूरीने फळ बदलण्यासाठी कर्ताच बदलला आहे आणि तो त्याने समजून उमजून बदलला आहे.

विमलसूरीची ही पद्धत त्याच्या संपूर्ण ग्रंथात दिसते. जैन मतानुसार हिंसेचे फळ कोणालाही टळत नाही, मग तो कितीही थोर पुरुष असो. राम मोक्षाला गेला असे सांगायचे असेल तर रावणाचा वध त्याच्या हातून झालेला चालणार नाही, म्हणून 'पउमचरिय'मध्ये रावणाला लक्ष्मण मारतो, आणि त्या कर्मामुळे लक्ष्मण नरकात जातो, तर राम दीक्षा घेऊन अखेरीस मुक्त होतो. आवडत्या वीराला नरकात पाठवणारा हा शेवट भाविक मनाला कठोर वाटेल, परंतु त्यात कृतनाशही नाही आणि अकृताभ्यागमही नाही. ज्याला फळ बदलायचे आहे त्याने आधी कृती बदलल्याचे उघडपणे सांगावे, कृती तीच ठेवून हिशेब मात्र गुपचूप बदलू नये, हा या कवीचा प्रामाणिकपणा आहे.

दुसऱ्या टोकाला भवभूती उभा आहे. आठव्या शतकातला हा नाटककार विदर्भातल्या पद्मपूरचा; महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे स्थळ आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पद्मपूर असल्याचे प्रतिपादन केले. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते आणि राम एकटा उरतो. भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकात राम आणि सीता यांचे पुनर्मीलन होते. संस्कृत नाट्यशास्त्रात कथानकाच्या शेवटच्या सांध्याला निर्वहण आणि नायकाला इष्ट फळ मिळण्याच्या अवस्थेला फलागम म्हणतात, आणि नाटक फलागमापर्यंत पोहोचावे अशी शास्त्राची अपेक्षा असते. तेव्हा भवभूतीने केवळ शास्त्राच्या मर्यादेसाठी गोड शेवट केला, असे म्हणता आले असते. पण त्याने तो कसा केला हे जवळून पाहिले म्हणजे त्यामागची नैतिक जाण दिसते.

नाटकाचा तिसरा अंक गोदावरीकाठच्या पंचवटीत, म्हणजे नांदेडवरून पुढे वाहत जाणाऱ्या याच नदीच्या वरच्या अंगाला घडतो. तिथे राम जुनी झाडे, जुने पशुपक्षी पाहून पुन्हा पुन्हा मूर्च्छित होतो, वनदेवता वासंती त्याला सीतेच्या त्यागाविषयी तोंडावर जाब विचारते, आणि त्या दोघांना न दिसणारी सीता हे सर्व ऐकत असते. सातव्या अंकात वाल्मीकीने रचलेले एक नाटक रामापुढे अप्सरा करून दाखवतात, म्हणजे नाटकातच दुसरे नाटक होते, ज्याला गर्भनाटक म्हणतात. त्यात टाकून दिलेली सीता गंगेत उडी घेते, पृथ्वी आणि गंगा तिला व तिच्या जुळ्या बाळांना सावरतात, आणि अखेर ती पृथ्वीबरोबर निघून जाते. हे पाहून राम शुद्ध हरपतो, आणि त्यानंतरच अरुंधती खऱ्या सीतेला पुढे आणते, प्रजेला दोष देते आणि पती-पत्नीची भेट घडते. उत्तरकांडाचा शेवट असा पुसला न जाता रंगमंचावरच्या रंगमंचावर साकार होतो, आणि रामाला तो प्रेक्षक म्हणून पाहावा लागतो. त्याने केलेल्या त्यागाला भवभूती कुठेही सौम्य करत नाही, त्याचे समर्थन करत नाही, तो झालाच नाही असेही म्हणत नाही. कर्ता तोच राहतो, कर्म तेच राहते, आणि त्या कर्माच्या वेदनेतून पूर्ण गेल्यानंतर फळ मात्र करुणेने बदलले जाते. वगळलेला शेवट नव्या शेवटाच्या पोटात ठेवण्याची ही रीत आजच्या कोणत्याही चित्रपटाला शिकण्यासारखी आहे.

शेवट बदलण्यामागे करुणा किंवा सिद्धान्त असतोच असे नाही. कन्नड आदिकवी पंपाने 941 साली रचलेल्या 'विक्रमार्जुनविजय' या भारतकथेत द्रौपदी एकट्या अर्जुनाची पत्नी आहे आणि युद्धानंतर राज्याभिषेक युधिष्ठिराला न होता सुभद्रेसह अर्जुनाला होतो, कारण कवीने आपला आश्रयदाता दुसरा अरिकेसरी याला अर्जुनाच्या रूपात पाहिले होते. अरिकेसरी हा वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातला, राष्ट्रकूटांचा मांडलिक. मुखेडशेजारचे कंधार हे राष्ट्रकूटांच्या महत्त्वाच्या नगरांपैकी एक, आणि सीमेपलीकडचे बोधन ही त्या चालुक्यांची आधीची राजधानी मानली जाते. पंपाची प्रतिभा थोर आहे यात शंका नाही, परंतु धाकट्या भावाला मिळालेला अभिषेक हे त्याच्या कर्माचे फळ नसून कवीच्या आश्रयदात्याचा गौरव आहे. आज जी भूमिका निर्मितिसंस्था आणि तिकीटखिडकी बजावतात तीच तेव्हा दरबार बजावत होता, आणि दोन्हींच्या दबावाखाली होणारा बदल अकृताभ्यागमाकडेच झुकतो.

अतिमानवी नायकाच्या बलिदानाची सर्वांत जवळची भारतीय कथा मराठवाड्याच्या एका जुन्या नगराशी जोडलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, याचे स्वामी अशी पदवी मिरवणारे शिलाहार राजे स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. विद्याधर ही अलौकिक सामर्थ्य असलेली, आकाशातून संचार करणारी योनी. दररोज एका नागाचा बळी घेणाऱ्या गरुडापुढे शंखचूड नावाच्या नागाच्या जागी जीमूतवाहन स्वतः शिळेवर जाऊन पडला, अशी ही कथा. सातव्या शतकात सम्राट हर्षाने लिहिलेल्या 'नागानंद' नाटकात जखमांनी जर्जर झालेला जीमूतवाहन प्राण सोडतो आणि मग गौरी देवी त्याला जिवंत करते. या नाटकाची नांदी बुद्धाला उद्देशून आहे आणि शेवट गौरीच्या कृपेने होतो, हे लक्षात घेतले तर एकाच नाटकात दोन शेवट शेजारी ठेवलेले दिसतात. त्यांतला निर्णायक क्षण कोणता? गरुडाला आपण कोणाला खाल्ले हे कळते, तो पश्चात्तापाने व्याकूळ होतो आणि हिंसा सोडण्याचे ठरवतो, हे सर्व नायक पुन्हा उठण्याच्या आधी घडते. गौरी आली नसती तरी नागकुळ वाचलेच असते. पुनर्जीवन हे प्रेक्षकाच्या आणि मातापित्यांच्या दुःखावरचे औषध आहे. जीमूतवाहनाची थोरवी त्याआधीच सिद्ध झालेली आहे. शिलाहारांच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता, म्हणजे पूर्वजाला खाणारा आणि त्याच्यामुळे बदललेला तो पक्षीच त्यांनी वंशाचे चिन्ह म्हणून निवडला होता, ही गोष्ट या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

महाभारताचे स्वतःचे उत्तर याहून खोल जाते. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला स्वर्गात दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो आणि त्याचे भाऊ व द्रौपदी नरकात आक्रोश करताना ऐकू येतात. हा शेवट न्याय्य नाही हे उघड आहे, पण त्या क्षणी युधिष्ठिर काय करतो हेच महाकाव्याला पाहायचे आहे. आप्तांना आपल्या जवळ असण्याने दिलासा मिळतो म्हणून तो नरकातच थांबण्याचे ठरवतो, आणि त्यानंतरच ते दृश्य मायेचे होते असे सांगून मागे घेतले जाते. त्याआधी हिमालयाच्या वाटेवर सोबतीच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायचे त्याने नाकारलेले असते. दोन्ही वेळा त्याच्यापुढे एक शेवट ठेवला जातो आणि दोन्ही वेळा तो फळ बाजूला सारून आपले कर्तेपण राखतो.

या महाकाव्याचे पाठभेद ज्या रीतीने सांभाळले गेले त्या रीतीतही हीच जाण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 साली सुरू केलेले, 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाने आकार घेतलेले आणि 1966 साली पूर्ण झालेले चिकित्सक संपादन 1,259 हस्तलिखितांच्या आधारे 19 खंडांत सिद्ध झाले. चिकित्सक संपादन म्हणजे उपलब्ध हस्तलिखितांची तुलना करून त्यांच्या मागे असलेला शक्य तितका जुना पाठ निश्चित करणे. द्यूतसभेत द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा या संपादनात मुख्य संहितेत नाही; तो तळटीपेत आहे. ज्यांच्या भक्तीचा तो आधार आहे त्यांना हा निर्णय बोचला तरी, संपादकांनी तो भाग फेकून दिलेला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जे स्वीकारले नाही ते कुठून आले, कोणत्या प्रतींत आहे, हे नोंदवून त्याच पानाच्या पायाशी ठेवणे ही नाकारण्याची सर्वांत सभ्य रीत आहे. पुढे नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी महाभारतावर जे चिंतन केले त्यालाही महाराष्ट्रात रुजलेल्या या चिकित्सक वृत्तीची भूमी होती.

कर्त्याला एवढे महत्त्व दिले तर फळाविषयी माणसाला वाटणारी तळमळ क्षुल्लक ठरते, असा आक्षेप यावर येऊ शकतो. 2017 साली आलेला 'जस्टिस लीग' चाहत्यांना आपला वाटला नाही आणि त्यांच्या दीर्घ मागणीनंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर यांचे सुमारे चार तासांचे रूप 2021 साली प्रसिद्ध झाले, यावरून लोक शेवटांसाठी किती आसुसतात हे दिसते. ही तळमळ खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. भवभूतीने तो राखला, हर्षाने राखला. परंतु कवी किंवा दिग्दर्शक फळ बदलतो तेव्हा तो दान करत असतो, आणि दान हे ऋण फेडल्याचे प्रमाणपत्र नसते. सीता परत मिळाली म्हणून तिचा त्याग योग्य ठरत नाही, आणि जीमूतवाहन जिवंत झाला म्हणून त्याचे बलिदान लटके ठरत नाही. फळ गोड करण्याचा अधिकार करुणेला आहे, पण त्यासाठी कर्माविषयी खोटे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

हा भेद चित्रपटगृहाबाहेर अधिक गरजेचा आहे. मुखेड-कंधारच्या हलक्या, डोंगराळ, पावसावर विसंबलेल्या जमिनीत कृतनाश हा केवळ दर्शनग्रंथातला शब्द नाही. वेळेवर पेरणी, निंदणी, फवारणी सर्व करूनही पाऊस उघडीप देतो आणि सोयाबीन शेंगेत भरत नाही, तेव्हा केलेल्या कर्माचे फळ खरोखरच वाया गेलेले असते. अशा वेळी गाव आणि भाऊबंद त्या माणसाकडे त्याच्या हाती काय उरले यावरून पाहतात, आणि कर्जाने ज्याचा जीव घेतला त्याचे तर संपूर्ण आयुष्य शेवटच्या एका दिवसावरून मोजले जाते. शेवटालाच निवाडा मानणाऱ्या समजुतीचा हा सर्वांत क्रूर परिणाम आहे. दुष्काळ, बाजारभाव आणि सावकार यांनी लिहिलेला शेवट हा त्या माणसाच्या कर्माचे फळ नव्हे. तो त्याच्यावर आलेला अकृताभ्यागम आहे, आणि तो टाळण्याची जबाबदारी समाजाची व शासनाची आहे. त्याच्याविषयी बोलताना त्याने केलेली पेरणी, शिकवलेली मुले, फेडलेली आधीची कर्जे आणि अडल्यानडल्याला दिलेला हात यांची नोंद आधी झाली पाहिजे, कारण त्याचे कर्तेपण तिथे आहे. एकाच नायकाला अनेक शेवट देणाऱ्या कथांनी, मग त्या विमलसूरीच्या असोत, भवभूतीच्या असोत की आजच्या पडद्यावरच्या, शेवट दुसऱ्या कोणाच्याही हातून लिहिला जाऊ शकतो हे दाखवून दिले आहे. म्हणून माणसाचा न्याय त्याच्या हातात जे होते त्यावरून करणे, हाच धर्म ठरतो.